मोहरीचा लोड

गुडघ्यावर बसून रायफल चालवताना माझं आसन आयुष्यात एकदाच अगदी अचल जमलं, आणि त्या दिवशी मी शेजारच्याच्या लक्ष्यावर गोळ्या मारल्या. एक नव्हे, ओळीने पाच. त्याही अशा नेमक्या, की पंचांनी तो कागद उजेडात धरून पाहिला आणि नुसती मान हलवली. माझं कौतुक करावं की समजूत काढावी, हे त्यांना ठरवता येईना. हा किस्सा मी लग्नाकार्यात, पंगत उठल्यावर पान लावता लावता इतक्यांदा सांगितलाय, की आमच्या घरातली पोरं माझ्या आधी शेवट सांगून मोकळी होतात. पण तेव्हा मी मोहरीबद्दल काही सांगत नाही. पानसुपारीच्या वेळी सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. परवा वहिनींना विचारलं, लिहू का. त्या म्हणाल्या, लिहा, पण हसवायला म्हणून लिहू नका. तेव्हा जमेल तसं लिहितो.

आमची खोली लालबागला, दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. खाली गल्लीत मसाल्याचे डंक. उन्हाळा तापला की सकाळपासून त्यांची ठणठण सुरू व्हायची. लोखंडी मुसळं एकामागून एक वर जाऊन खाली पडायची आणि आमच्या फळीवरची पितळी भांडी त्याच ठेक्यात बारीक किणकिणायची. मिरचीची घाणी चढली की सगळी चाळ एका सुरात शिंकायची. एवढ्या खोलीत आम्ही पाच जण. बाबा कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून, बोलणं कमी आणि वर्तमानपत्र मात्र मोठ्याने वाचायची सवय. आई मालवणची. तिकडून येऊन तिला जन्म लोटला होता, पण रागाची, मायेची आणि टोमण्याची भाषा मालवणीच राहिली होती. थोरला दादा दादरला एका हापिसात नोकरीला, आणि त्याची बायको सुनंदावहिनी. शेवटचा मी. कॉलेजात जायचो, म्हणजे घरातून निघायचो तरी.

कॉलेजात एनसीसी घेतली ती नाश्त्यासाठी. तिथे एकदा रायफल हातात आली आणि असं दिसलं, की पोटावर पालथं पडून मारण्यात मला गती आहे. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "निजान करूचा काम आसात तर आमचो झील पयलो येतलो." मग मी एका रायफल क्लबात जायला लागलो. पण या खेळात नुसतं निजून भागत नाही. झोपून, उभं राहून आणि गुडघ्यावर बसून असं तिन्ही प्रकारे मारावं लागतं. उभ्याने मी इतरांइतकाच वाईट होतो. गुडघ्यावर मात्र माझ्याइतका वाईट आमच्या क्लबात दुसरा नव्हता. उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा, उजवं पाऊल मागे उभं करून त्याच्या टाचेवर बसायचं, डावा पाय पुढे रोवून त्याच्या गुडघ्यावर डावं कोपर ठेवायचं आणि दंडाला पट्टा आवळून रायफल धरायची. सांगायला सोपं आहे. मी बसलो की काही क्षणांत घोटा बोंब मारायचा, मग मांडी थरथरायची, आणि नळीचं टोक टपरीवरच्या माशीसारखं फिरायला लागायचं.

आम्हाला शिकवायला खोत सर होते. सीमाशुल्क खात्यातून निवृत्त झालेले, तरुणपणी स्वतः मोठे नेमबाज. बंदुकीने त्यांचे कान नेले होते, त्यामुळे त्यांची कुजबूजसुद्धा रेंजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. माझी माशी बघून ते एकदा ओरडले, "परब, नेम डोळ्याने धरतात असं वाटतं तुला? नेम बुडाने धरतात." मग जवळ येऊन त्यांनी मला डोळे मिटायला लावले. दोन श्वास घे म्हणाले, आता उघड, बंदूक कुठे बघतेय? ती लक्ष्याच्या बरीच डावीकडे बघत होती. मी मुकाट्याने हाताने उजवीकडे आणली, तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. म्हणाले, हाताने ओढून आणलेला नेम गोळी सुटताना परत आपल्या घरी जातो. हात लावू नकोस, बूड हलव. शरीर जिथे आपोआप बघतं तिथे लक्ष्य आलं पाहिजे. आता या वयात वाटतं, हे एवढंच नीट शिकलो असतो तरी लग्न, नोकरी आणि सोसायटीची निवडणूक या तिन्ही ठिकाणी बरा राहिलो असतो.

घोट्याखाली घ्यायला एक छोटा लोड असतो, उशीसारखा गोल आणि हातभर लांबीचाही नाही. सगळी मदार त्याच्यावर. क्लबातल्या पैसेवाल्यांचे लोड बाहेरून आणलेले. मला बाबांनी गोदामातून जाड कॅनव्हासचा तुकडा आणून दिला आणि आईने त्याची पिशवी शिवली. आता भरायचं काय? घरचा माणूस कॉटन ग्रीनला, म्हणून पहिला लोड कापसाचा केला. तो पहिल्याच दिवशी दबून पापडासारखा झाला. मग वाळू भरली, ती दमट हवेत दगड झाली आणि टाचेला फोड आले. मग तांदूळ भरले. तो लोड एके रात्री उंदरांनी उघडला आणि मी जेवणाचं धान्य पायाखाली घेतलं म्हणून आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. थर्माकोलच्या गोळ्या भरल्या, तर त्या प्रत्येक श्वासाला कुरकुरायच्या. खोत सर म्हणाले, असं काहीतरी शोध जे बारीक आहे, गोल आहे, जड आहे आणि कोरडं राहतं. पाय ठेवला की सरकून जागा देईल आणि एकदा जागा दिली की हलणार नाही.

मी हे घरी जेवताना विचारलं. तो प्रसंग सांगायचा तर आधीचं सांगायला हवं.

त्या वर्षी वहिनींना दिवस होते. सातव्या महिन्यात आईने आपल्या जुन्या नऊवारीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड काढलं आणि बाळासाठी मोहरीची उशी शिवली. नव्या बाळाचं डोकं कच्चं असतं, ते मोहरीवर ठेवलं की सगळीकडून सारखा आधार मिळतो आणि गोल होतं, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. खालच्या गल्लीतून आईने मोहरी आणली, पाखडली, गॅलरीत वाळवली. चाळीतल्या बायका येता-जाता त्यात हात घालून बघायच्या. मुलगी झाली. घरी आली, त्या उशीवर निजली. आणि बारशाच्या आधीच गेली. नाव नव्हतं तिला. डॉक्टरांनी काहीतरी कारण सांगितलं, ते दादाने एकदा बाबांना सांगितलं, बाबांनी मान डोलावली, आणि मग ते कुणी पुन्हा काढलं नाही.

बाळंतिणीला लागतं ते सगळं मात्र घरात तसंच चालू राहिलं, कारण शरीराला कुणी कळवलेलं नसतं. शेगडीत ओव्याची धुरी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू. आई वहिनींना समोर बसवून लाडू खायला लावायची. त्या अर्धा खायच्या आणि उरलेला कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकायच्या. छातीला घट्ट पट्टा बांधून त्या भिंतीला टेकून बसायच्या. बोलायच्या नाहीत असं नाही. भात वाढू का, नळ आला, एवढं बोलायच्या. पण खोलीबाहेर जाणं त्यांनी सोडलं. जिना उतरल्याच नाहीत. दादा हापिसातून आल्यावर चपला काढायच्या आधी त्यांच्याकडे बघायचा, आणि आज तरी काही वेगळं आहे का ते शोधायचा. त्याची भीती आम्हा सगळ्यांना कळत होती. त्यावर काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. आईने एक केलं. फोडणीत मोहरी घालणं बंद केलं. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. लसणीची, जिऱ्याची फोडणी बसायची आणि ती तडतड आमच्या घरातून गेली.

उशी लोखंडी कपाटावर होती. तिच्यावर मधोमध एक खळगा होता, लहान वाटीएवढा. मोहरी तशीच राहिली होती. ती उशी कुणी हलवायची नाही, झटकायची नाही, हा न सांगितलेला नियम होता.

आणि अशा घरात मी, पिठी-भात कालवता कालवता, सगळ्यांना उद्देशून विचारलं, की बारीक, गोल, जड आणि कोरडं असं काय असतं हो? पाय ठेवला की जागा देणारं? बाबांचा हात ताटात थांबला. दादा माझ्याकडे असा बघत राहिला की मला वाटलं भातात काही पडलंय. आईने उगाच सोलकढीत डाव फिरवला. खोलीतल्या प्रत्येकाला उत्तर माहीत होतं, मी सोडून. मी आपला पुढे म्हणालो, साबुदाणा चालेल का?

गॅलरीच्या टोकाच्या खांबावर मी वहिनींची एक काळी टिकली चिकटवली होती. तेच माझं लक्ष्य. रायफल क्लबाची, ती घरी आणता येत नसे, म्हणून दंडाला पट्टा आवळून, धुणं वाळत घालायची काठी खांद्याला लावून सराव करायचो. येणारा-जाणारा विचारून जायचा, परबांच्या विलासचं लग्न ठरत नाही म्हणून हे का? दुसऱ्या दिवशी दुपारी असाच गुडघ्यावर बसलो होतो. खाली डंक चालू, आई आडवी झालेली. मागे स्टूल ओढल्याचा आवाज आला म्हणून वळलो, तर वहिनी कपाटावरून उशी काढत होत्या. ती मांडीवर घेऊन दारात बसल्या. हातात कात्री होती.

आई उठून बसली. म्हणाली, "सुनंदा, ता र्‍हवांदे गो."

वहिनी म्हणाल्या, "आई, रोज उठल्यावर पहिला तो खळगा दिसतो. तो जातच नाही. मोहरी हलतच नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भावजी, तुमचा तो लोड उघडा."

मी म्हणालो, नको वहिनी, मी वाळू भरतो परत. त्या म्हणाल्या, "वाळूवर हलता तुम्ही. मी बघते ना रोज." आणि टाका कापला.

मोहरी तेलात तडतडते एवढंच मला ठाऊक होतं. ती कापडातून कापडात पडताना इतकी हळू, कुणी कानाशी बोलावं तशी पडते, हे त्या दिवशी ऐकलं. खळगा आधी रुंद झाला, मग कलला, मग राहिला नाही. थोडे दाणे फरशीवर उड्या मारत गेले. आई खाली बसली आणि कपाटाखालून, उंबऱ्याच्या फटीतून, एकेक दाणा वेचून तिने लोडात टाकला. केरात एक जाऊ दिला नाही. मग सुई घेऊन तोंड तिनेच शिवलं. सगळं झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "बसून दाखवा." माझा पाय पुढे होईना. ज्याच्यावर ते डोकं होतं त्याच्यावर पाय कसा ठेवायचा? मी वाकून लोडाला हात लावला, कपाळाला नेला. वहिनी म्हणाल्या, "देव नाही तो. बसा."

बसलो. घोट्याखाली मोहरी सरकली, सगळीकडून आली, आणि थांबली. काठीचं टोक टिकलीवर गेलं आणि तिथेच राहिलं. खालचा ठोका पडायचा, माझ्या दंडात पट्ट्याखाली नाडी पडायची, आणि दोन्हींच्या मधे एक स्वच्छ जागा सापडायची. मी म्हणालो, वहिनी, हे फुकट घालवणार नाही. त्या रिकामं कापड घडी करत होत्या.

रेंजवर खोत सर माझ्यामागे बराच वेळ उभे राहिले. मग ओरडले, "काय भरलंस रे यात?" मी सांगितलं, मोहरी. "मोहरीची तर बाळाची उशी करतात! घरात बाळ आलं काय रे, परब?" सगळी रेंज वळली. मी म्हणालो, आलं होतं, सर. त्यांना एकदा सांगून ऐकू जात नसे, पण हे गेलं. ते खाली वाकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काहीतरी बोलले. जन्मात पहिल्यांदा इतक्या हळू बोलले, की मला ऐकू आलं नाही. आजही कधीतरी वाटतं, पुन्हा सांगा म्हणून विचारायला हवं होतं.

राज्याच्या निवड स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दादाने चपला काढता काढता सहज म्हणून विचारलं, उद्या विलासचा सामना आहे, येतेस का? दर वेळी तो काहीतरी विचारायचा, सिनेमा, चौपाटी, देऊळ, आणि त्या नाही म्हणायच्या. या वेळी त्यांनी विचारलं, "बसून मारतात ते कधी आहे?" दादा माझ्याकडे बघत राहिला. त्या रात्री मला झोप लागली नाही. निजण्याच्या कामातही मी नापास झालो. मला आता राज्याच्या संघाशी देणंघेणं नव्हतं. ती बाई महिनोन्महिन्यांनी जिना उतरणार होती, फक्त ती मोहरी कुठे गेली ते बघायला. तिला ती व्यर्थ गेलेली दिसता कामा नये, एवढंच डोक्यात होतं.

गुडघ्यावरची फेरी दुपारी. पहिला कागद चांगला गेला. मग पाय बधिर झाला म्हणून उठलो आणि मागे बघितलं. दोरीपलीकडच्या खुर्च्यांवर दादा आणि त्याच्या शेजारी वहिनी, निळी साडी, मांडीवर डबा. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, जमिनीवरच्या लोडाकडे बघत होत्या. मी पुन्हा बसलो. बसताना लोड दोन बोटं सरकला असावा. फार नाही. पण इथली दोन बोटं पन्नास मीटरवर जाईपर्यंत माणूसभर होतात. मी डोळे मिटले. दोन श्वास घेतले. मोहरी थांबली. डोळे उघडले, तर काळं वर्तुळ ऐन मधोमध, इतकं शांत की भिंतीवर काढल्यासारखं. लक्ष्याच्या वर ज्याचा त्याचा आकडा लिहिलेला असतो. तो कोण बघतो? जे इतकं आपोआप समोर आलं ते आपलंच असणार. कागद पुरा होईपर्यंत दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, हाव सुटते, ही सरांची शिस्त. तीही नेमकी त्याच दिवशी पाळली. पाच गोळ्या सोडल्या. तशा मी पुन्हा कधीच सोडल्या नाहीत.

तेवढ्यात शेजारचा गडी, सोलापूरकडचा एक पोलीस हवालदार, हात वर करून पंचांना म्हणाला, "साहेब, माझ्या टार्गेटवर दुसरंच कोणीतरी मारतंय." आणि जरा थांबून, "मारू दे म्हणालो असतो, माझ्यापेक्षा बरं मारतंय."

माझ्या नावावर पाच शून्यं लागली. संघातली जागा गेली. खोत सर मैदानभर ऐकू जाईल असं म्हणाले, "आसन बघितलं परब. दगड होतास." मग विचार करून म्हणाले, "दगडच आहेस." मी दोरीपाशी गेलो. दादा आपल्या चपलांकडे बघत होता. वहिनींनी डबा माझ्या हातात दिला, त्यात डिंकाचा लाडू होता, पुरा. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. परतताना आम्ही तिघं दादरच्या फुलवाल्यांच्या गर्दीतून चाललो, लोड माझ्या काखेत.

तो लोड अजून आहे. चाळ पाडून टॉवर झाला, आम्ही वर कुठेतरी जाऊन बसलो, डंकांचा आवाज तिथवर पोहोचत नाही. पुढे पुतण्या झाला, त्याच्यासाठी आईने नवी मोहरी आणली, त्याचं डोकं छान गोल आहे. मला आता डॉक्टरांनी गुडघे टेकायला मनाई केलीय, देवापुढेसुद्धा. लोड कपाटात असतो. कधी काढून कानाशी हलवतो, आणि कुणी आलं तर काहीतरी शोधत असल्यासारखं करतो.

सामन्याच्या त्या संध्याकाळी जेवायला पाचही जण बसलो. कुळथाची पिठी होती. आईने विचारलं, "काय झाला रे?" आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, श्वास, वर्तुळ, हवालदार, शून्यं. कुणी हसलं नाही. सगळे वहिनींकडे न बघण्याची खटपट करत होते. न बोलता संपवावं तर मला जमेना, आणि त्या घरात कितीतरी महिन्यांत कुणी न उच्चारलेला शब्द माझ्या तोंडून गेला. म्हणालो, "वहिनी, तुमची उशी मी फुकट घालवली."

वहिनी वाढता वाढता थांबल्या. डाव पातेल्यात ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले. आईला वाटलं रडतायत, ती उठून जवळ गेली, दादाही अर्धा उठला. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि पदर खाली घेतला तेव्हा आम्ही बघितलं, त्या हसत होत्या. डोळ्यांतलं पाणी खरं होतं, हसणंही खरं होतं.

"चुकलंच आमचं, भावजी," त्या म्हणाल्या. "ती उशी तुमच्या पायाखाली कशाला दिली? डोक्याखाली द्यायला हवी होती."